सरावाची पाच वाक्यं

शास्त्रज्ञांना शिकवायला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगते. त्यांना सगळं आधीच येत असतं, फक्त लिहिता येत नाही.

आमच्या संस्थेत चिनीमातीच्या चकत्या बनवतात. विजेच्या यंत्रांत बसवायच्या, तळहाताएवढ्या, पांढऱ्या. तेरा शास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्या चकत्यांच्या मागे लागलेले आहेत. मागच्या वर्षी त्यांचा एक लेख नियतकालिकाने परत पाठवला, वर एका ओळीचा शेरा मारून: विज्ञानाचं नंतर बघू, आधी भाषा सुधारा. डायरेक्टरसाहेबांना तो शेरा असा झोंबला, की पंधरा दिवसांत त्यांनी मला कंत्राटावर आणून बसवलं. दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार, वैज्ञानिक इंग्रजीचा वर्ग, हजेरी सक्तीची. प्रशिक्षणाच्या फॉर्मवर किमान चौदा जण दाखवावे लागतात आणि शास्त्रज्ञ भरले तेरा. मग चौदावे म्हणून भट्टीवाल्या मामांचं नाव घातलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही.

मामा एकतीस वर्षं तीच एक भट्टी सांभाळत होते आणि दीडेक वर्षात रिटायर होणार होते. पहिल्या वर्गाला ते हात स्वच्छ धुऊन, कोरी वही आणि दोन पेनं घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. बाकीचे तेरा हात हलवत आले. एकाने तर माझ्याकडेच पेन मागितलं आणि ते अजून परत केलेलं नाही.

पहिल्याच दिवशी मी तीन गोष्टी ठणकावून सांगितल्या. दर आठवड्याला पाच वाक्यं लिहायची, आपापल्या कामाबद्दल लिहायची आणि ती खरी असली पाहिजेत. मांजर चटईवर बसलं, मुलाने चेंडू फेकला, असली वाक्यं मी तपासणार नाही. "तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना? मग खोटं लिहायचं नाही!" असं मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते. काय तो माझा आवेश! आज आठवलं की कानशिलं तापतात.

पानांना नंबर घालायचा नियम नंतर आला आणि तो आला परिशिष्टांमुळे. परिशिष्ट म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ. बोलणं संपलं असं वाटेपर्यंत ते "आणि यात एक जोडायचं म्हणजे" म्हणून पुन्हा सुरू होतात, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे परिशिष्ट म्हणतात. एका गुरुवारी त्यांनी लाल शेऱ्यांनी भरलेलं पान फाडून टाकलं आणि ते पान मुळात नव्हतंच म्हणून माझ्याशी अर्धा तास हुज्जत घातली. दुसऱ्या दिवशी मी चौदाही वह्यांच्या पानांवर स्वतःच्या हाताने आकडे घातले. आता फाडा म्हटलं, कसं फाडता ते बघते.

या वह्यांना फार मान होता बरं का. वर्षातून एकदा एक समिती यायची, संस्थेचं काम नीट चाललंय का ते बघायला. तिच्यापुढे या वह्या प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून ठेवायच्या आणि वर्षअखेर बाइंडिंग करून कपाटात लावायच्या. प्रत्येक पानावर दोन सह्या लागत, एक माझी आणि एक डायरेक्टरसाहेबांची. मी वाचून सही करायचे. साहेब फोनवर बोलत असायचे, शिपाई पानं उलटत जायचा आणि साहेबांचा हात चालत राहायचा. एकदा त्यात माझी इस्त्रीवाल्याची चिठ्ठी गेली होती, सहा साड्या आणि दोन चादरी. तीही सही होऊन परत आली.

तर त्या गुरुवारचा धडा. शास्त्रीय इंग्रजीत नामाच्या मागे क्रियापद जोडायची एक रीत आहे आणि तिच्यावाचून त्यांचं पान हलत नाही. आपण म्हणतो धुवायची भांडी, भाजायच्या चकत्या, भरायचा फॉर्म. म्हणजे काम आधी आणि वस्तू नंतर. इंग्रजीत उलटं. आधी वस्तू ठेवायची, मग 'टू' लावून तिचं काम मागे शेपटीसारखं जोडायचं. वापरायची पद्धत, तपासायचे नमुने, टिकायची क्षमता, बोलायची संधी, सगळं या एका शेपटीवर. पहिला, शेवटचा, एकमेव यांच्यामागेही तीच शेपटी. एखादी गोष्ट शोधणारा पहिला माणूस म्हणायचं असेल, तर तिथेही 'टू' आलाच.

"म्हणजे अजून न झालेलं काम वस्तूच्या मागे उभं करायचं?" परिशिष्टांनी विचारलं.

"पुष्कळदा तसंच असतं."

"मग हे आमच्या संस्थेला उत्तम जमेल," ते म्हणाले. वर्षभरात त्यांनी केलेला हा एकच विनोद. आणि तो होता कसला, अहवालच होता. कारण संध्याकाळी वह्या उघडल्या तर तेरा वह्यांत घ्यायच्या चाचण्या, मागवायचं यंत्र, काढायचे निष्कर्ष, नेमायची उपसमिती. पासष्ट वाक्यं आणि झालेलं काम म्हणाल तर एक नाही.

चौदावी वही मामांची. अक्षर मोठं, इंग्रजी खडबडीत, पण रीत पक्की पकडलेली. बदलायची वीट डावीकडे आहे. काढायच्या चकत्या खालच्या खणात आहेत. अशी चार वाक्यं. पाचव्यात लिहिलं होतं: थंड होताना चकत्या का तडकतात, हे बघणारा पहिला माणूस मी.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. चारच दिवसांपूर्वी मी साहेबांचा नवा लेख घासूनपुसून दिला होता. त्यातलं सगळ्यात मानाचं वाक्य हेच होतं, फक्त 'मी'च्या जागी 'आमचा गट'. साहेबांनी ते चार ओळींत लिहिलं होतं, मी ते एका ओळीत बसवलं होतं आणि स्वतःवर खूश झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीच्या खोलीत गेले. मामांनी हात पुसले आणि मला एकुलतं एक स्टूल दिलं.

"मामा, हे पाचवं वाक्य खरं आहे?"

"तुम्हीच म्हणालात ना मॅडम, खरं लिहायचं."

मग त्यांनी दाखवलं. भाजलेल्या दहा चकत्यांपैकी सहा थंड होताना तडकत. शास्त्रज्ञांनी दोन वर्षं मातीचं मिश्रण बदलून बघितलं, तडकणं काही थांबेना. मामांच्या लक्षात आलं, की एका फुटक्या विटेच्या आडोशाला असलेल्या चकत्या कधीच तडकत नाहीत. तिथे त्या सावकाश थंड होत होत्या. मग मामांनी स्वतःच्या अकलेने भट्टीचं तापमान उतरताना मध्येच चाळीस मिनिटं ते एका आकड्यावर रोखून धरायला सुरुवात केली. दहातल्या नऊ चकत्या शाबूत निघाल्या. भट्टीच्या रजिस्टरमध्ये तारीख होती, वेळ होती, आकडा होता, मामांची सही होती. साहेबांच्या लेखाच्या दीड वर्ष आधीची.

"साहेबांना सांगितलं होतंत?"

"सांगितलं की. साहेब म्हणाले, वा मामा! चहा पाजला."

"फक्त चहा?"

"बिस्किटंही होती," मामा म्हणाले. चेष्टा करत होते की काय, मला कळलं नाही.

मी विचारलं, आता तुम्हाला काय हवंय? त्यांनी रजिस्टर मिटून फळीवर ठेवलं. "नाव. लेखात नाव, बस. बाकी काही नको. आजवर अडतीस लेख झाले या भट्टीवर, मॅडम. प्रत्येकाच्या शेवटी आभार असतात, टेक्निकल असिस्टन्स म्हणून. आमच्या हिला इंग्रजी येत नाही. लेख आला की मी घरी नेतो, त्या दोन शब्दांवर बोट ठेवतो आणि सांगतो, हे बघ, हे माझं नाव. अडतीस वेळा सांगितलंय. हा शेवटचा. एकदा तरी खरं बोट ठेवावं म्हणतो."

मी म्हणाले, "मामा, काळजी करू नका. मी बोलते साहेबांशी." फार सोपं असतं असं म्हणणं. स्टुलावर बसून तर फारच.

बोलले मी. नाही असं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलले आणि प्रेमाने हसले. तसं हसणारा माणूस समोर आला, की आपली पर्स जवळ ओढून घ्यावी.

"मॅडम, भट्टी पेटवणाऱ्याचं नाव घातलं, की उद्या वायरमन येईल. परवा झाडूवाली. मग तुमचंही घालायचं का? तुम्ही पण भाषा सुधारलीत की."

"माझं नको सर. पण त्यांच्या रजिस्टरमध्ये तारीख आहे."

"रजिस्टरमध्ये तापमान असतं मॅडम. संशोधन असतं डोक्यात." त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. मग टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक पिवळी फाइल थोडी बाहेर ओढली, तेवढी की वरचं माझं नाव दिसावं. "तुमचं रिन्युअल याच महिन्यात ना? बघतो मी. समितीची गडबड एकदा उरकू दे."

मी "हो सर" म्हणून बाहेर आले. जिन्यात मी त्यांना अशी खरमरीत उत्तरं दिली, अशी काही दिली, की विचारू नका. जिना रिकामा होता.

पण मी हार मानली असं समजू नका. मला एक युक्ती सुचली होती. समिती शुक्रवारी येणार होती आणि लेख त्याच संध्याकाळी छापायला जाणार होता. त्याआधी समितीला कळलं तर नाव घालता येणार होतं, नंतर नाही. मी ठरवलं, आपण तोंड उघडायचंच नाही. वह्यांच्या गठ्ठ्यात मामांची वही सगळ्यात वर ठेवायची आणि पाचव्या वाक्याच्या पानात खुणेची चिठ्ठी घालायची. त्या पानावर साहेबांची स्वतःची सही होतीच, फोनवर बोलता बोलता केलेली. सहीनिशी कबुलीजबाब! आणि मी आपली नामानिराळी. बुधवारी जेवताना मी धाकट्या बहिणीला हे सगळं रंगवून सांगितलं. आम्ही दोघी एकत्र राहतो, माझे सगळे गुरुवार तिने ऐकलेले आहेत.

"ताई, तू भारीच आहेस," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

शुक्रवारी सभागृहात बारा माणसं होती. एका बाजूला समिती, एका बाजूला साहेब आणि परिशिष्ट, शेवटच्या खुर्चीत मी. मामांना चकत्यांचा ट्रे घेऊन भिंतीपाशी उभं केलं होतं. साहेबांनी पडद्यावर आपलं मानाचं वाक्य दाखवलं, हे दाखवून देणारा आमचा गट पहिला. माना डोलल्या. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बाकीचे चहा पीत होते, त्या वाचत होत्या. त्यांनी वरची वही उचलली, खूण असलेलं पान उघडलं.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "पडद्यावर तुमचा गट पहिला आणि या वहीत कुणी लिहिलंय की पहिला मी. खाली तुमचीच सही आहे, डायरेक्टर. दोघं पहिले कसे?"

सभागृहात कप खाली ठेवल्याचे आवाज झाले. परिशिष्टांचा कप तेवढा हातातच राहिला. साहेब मात्र गडगडून हसले.

"अहो, तो इंग्रजीचा सराव आहे! आमच्या मॅडम रीत शिकवतात आणि ही मंडळी मनाला येईल ते लिहितात. काल्पनिक असतं सगळं. काय मॅडम?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांनी मुद्दाम सावकाश विचारलं, म्हणजे मला कळलं नाही असं म्हणायची सोय राहू नये. "तुम्ही शिकवता ना? सांगा. या वह्यांतली वाक्यं खरी असतात की काल्पनिक?"

बस, एवढंच विचारलं. खरी असतात, असे दोन शब्द बोलायचे होते. पुढचं त्यांनी बघितलं असतं. रजिस्टर वीस पावलांवर होतं. मामा माझ्याकडे बघत होते, अगदी निर्धास्त. मॅडमनीच सांगितलं होतं ना, खरं लिहायचं.

मला पिवळी फाइल दिसली. घरभाडं दिसलं, बहिणीचं औषध दिसलं. हे मी आता सांगते आहे. खरं म्हणजे मला काहीच दिसलं नाही, मी नुसती घाबरले.

"काल्पनिक असतात," मी म्हणाले. "सरावापुरती."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, वही मिटली आणि खालची उचलली. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील. मामांनी माझ्यावरची नजर काढली आणि ट्रेमधली एक चकती सरळ केली. ती आधीच सरळ होती.

संध्याकाळी बहीण दारातच उभी. "काय झालं? समितीने वाचलं?"

"वाचलं ना! साहेबांचा चेहरा बघायला हवा होतास. आणि परिशिष्ट तर..." मी परिशिष्टांची नक्कल केली, कप कसा हातातच राहिला ते करून दाखवलं. ती पोट धरून हसली.

"आणि मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? भाजी लागतेय बघ खाली."

"ताई, गॅस बंद आहे."

मी हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. ती मागे आली नाही. तिला कळलं असावं.

पुढचा गुरुवार वर्षातला शेवटचा वर्ग होता. तोवर लेख छापायला गेला होता आणि माझं रिन्युअल सही होऊन आलं होतं. एका वर्षासाठी. मला वाटलं, मामा येणार नाहीत. निदान मनातून तरी मी तशी प्रार्थना केली. ते तीनला पाच मिनिटं असताना आले, हात स्वच्छ धुऊन, आणि पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसले. मी उजळणी घेतली. तोच धडा, नामामागची शेपटी. पाच वाक्यं लिहा म्हटलं. खरी लिहा, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

मामांनी सगळ्यांत आधी लिहून वही माझ्यापुढे आणून ठेवली आणि तिथेच उभे राहिले. पहिली चार वाक्यं भट्टीची होती. शेवटी द्यायच्या किल्ल्या, नव्या माणसाला दाखवायची वीट. पाचवं असं: खरं काय ते भट्टीवर येऊन विचारणारी एकमेव व्यक्ती माझ्या मॅडम होत्या आणि त्यांना बोलायची एक संधी होती.

मी लाल पेन हातात घेऊन चूक शोधली. खरंच शोधली, एखादं स्पेलिंग, एखादा प्रत्यय, काहीतरी. एका वाक्यात ती रीत दोनदा आली होती आणि दोन्ही ठिकाणी अचूक. परिशिष्टांना वर्षभरात एकदाही जमलं नव्हतं.

"बरोबर आहे का, मॅडम?" मामांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी रागाला उत्तर दिलं असतं.

"बरोबर आहे."

"मग टिक करा."

मी टिक केली. पाचपैकी पाच लिहिलं आणि खाली सही केली. पान सत्तेचाळीस. फाडायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण नंबर माझ्याच हाताने घातलेले होते, आणि अठ्ठेचाळीसही लगेच मागे होतं. वही साहेबांकडे गेली. ते फोनवर होते. शिपायाने पान उलटलं, साहेबांनी सही केली.

मामा रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, इंग्रजीतून. लेख त्याआधीच छापून आला होता. शेवटच्या ओळीत टेक्निकल असिस्टन्सचे आभार होते. मामांनी एक प्रत मागून घेतली आणि घडी न करता पिशवीत ठेवली.

वही बाइंडिंग होऊन वर्गातल्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही. पान सत्तेचाळीस, खाली दोन सह्या, साहेबांची आणि माझी. कुणीही काढून वाचावं. वाचलं तरी काही बिघडणार नाही. त्यातलं सगळं काल्पनिक असतं, असं समितीला मीच सांगून ठेवलंय.